प्रश्न तोच, उत्तर वेगळं: किशोरवयीन मुलं खरं कुठे सांगतात, कागदावर की फोनवर?

समजा, रोह्याच्या एका शाळेत नववीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक येते. 'किशोरवयीन आरोग्य सर्वेक्षण. नाव लिहायचं नाही. सर्वांनी आजच भरा.' वर्गातल्या एका मुलीच्या घरी फोन एकच आहे, तोही बाबांचा. बाबा धाटावच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. त्यामुळे लिंक उघडते दुसऱ्या दिवशी सकाळी, दादा शेजारीच चहा पीत बसलेला असताना. सातवा प्रश्न असा: 'गेल्या वर्षभरात सलग दोन आठवडे खूप उदास वाटलं, रोजची कामंही नकोशी झाली, असं घडलं का?' ती दादाकडे बघते आणि 'नाही'वर बोट ठेवते.

त्याच सुमारास पेणच्या एका वर्गात हाच सर्व्हे छापील कागदावर चाललाय. एका बाकावर तिघं, कोपराला कोपर लागलेलं. प्रश्न तंबाखूचा. सर दोन रांगांमधून फेऱ्या मारतायत. मुलगा सरांच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत थांबतो आणि तरीही 'कधीच नाही'वर खूण करतो.

ही दोन्ही मुलं कल्पनेतली आहेत. पण किशोरवयीन मुलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संशोधकांसाठी हे रोजचं दुखणं आहे. प्रश्न तोच, मूलही तेच, पण विचारण्याचं माध्यम आणि जागा बदलली की उत्तर बदलू शकतं. मग पुढे जी टक्केवारी छापून येते, ती मुलांची असते की पद्धतीची?

एवढं महत्त्वाचं का आहे?

अंगात रक्त कमी आहे का, हे बोटाला सुई टोचून कळतं. उंची टेपने मोजता येते. पण झोप लागते का, घरी मार बसतो का, मावा खाल्ला का, जीव नकोसा होतो का, हे मोजायचं यंत्र नाही. ते विचारूनच कळतं.

केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. वयोगट १० ते १९. त्यात पोषण, लैंगिक आणि प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसनं आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय आहेत. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांमधली 'मैत्री' क्लिनिक्स याच वयातल्या मुलामुलींसाठी आहेत. आता या सहा विषयांकडे पुन्हा बघा. बहुतेक ठिकाणी माहितीचा मुख्य स्रोत म्हणजे मुलांनी दिलेलं उत्तर. मुलांनी 'नाही' म्हटलं की तक्त्यात शून्य येतं. शून्य आलं की त्या तालुक्यात तो प्रश्नच नाही, असा अर्थ निघतो. नववीतल्या त्या मुलीचं 'नाही' इतकं लांब जाऊ शकतं.

पुण्यात काय झालं होतं?

हा वाद स्मार्टफोनच्याही आधीचा आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. रुक्मिणी पोतदार आणि मायकेल कोनिग या संशोधकांनी पुण्यात १८ ते २२ वयाच्या अविवाहित तरुणांसोबत तो केला. एक गट कॉलेजमधला, दुसरा झोपडपट्टीत राहणारा. समोरासमोर मुलाखत, स्वतः भरायचा कागद आणि कानाला हेडफोन लावून संगणकावर ऐकायचे प्रश्न, अशा पद्धती त्यांनी पडताळून पाहिल्या. कोणाला कुठल्या पद्धतीने विचारायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

हेडफोन कशासाठी? प्रश्न फक्त त्या मुलालाच ऐकू जातो, त्यामुळे शेजारी कोणी उभं असलं तरी त्याला काही कळत नाही. शिवाय वाचता येत नसेल तरी अडत नाही.

संगणक आणला की सगळे खरं बोलायला लागतात, असं उत्तर आलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. तसं झालं नाही. कॉलेजच्या मुलांमध्ये जे चित्र दिसलं, ते वस्तीतल्या तरुणांमध्ये जसंच्या तसं दिसलं नाही. संगणकाची सवय, माणसाशी बोलण्यातली सहजता, यंत्रावरचा विश्वास या गोष्टी दोन्हीकडे सारख्या नसतात. एकाच शहरातल्या, एकाच वयाच्या मुलांमध्ये एवढा फरक!

दुसरं उदाहरण २००६-०७ मधलं. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत १५ ते २४ वयाच्या ५० हजारांहून जास्त तरुण-तरुणींशी बोलून मोठा अभ्यास केला. लग्नाआधीच्या शरीरसंबंधांबद्दल समोरासमोर विचारलं तर किती जण खरं सांगणार? म्हणून मुलाखतीच्या शेवटी प्रत्येकाला एक कार्ड दिलं जायचं. त्यावर फक्त खूण करायची, कार्ड पाकिटात घालायचं आणि पाकीट स्वतः चिकटवायचं. समोरच्या माणसाला उत्तर दिसतच नाही. यंत्र नाही, वीज नाही, नेटवर्क नाही. फक्त एक बंद पाकीट. मोठ्या तंत्रज्ञानाच्या चर्चेत हे पाकीट विसरलं जातं, हे जरा अन्यायाचंच आहे.

अमेरिकेतले उलटसुलट निकाल

संगणकाच्या बाजूने सगळ्यात जास्त सांगितला जाणारा पुरावा अमेरिकेतला आहे. १९९५ मध्ये तिथे १५ ते १९ वयाच्या मुलांचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. काहींना नाजूक प्रश्नांचा कागद दिला, काहींना हेडफोनसह संगणक. दुसऱ्या मुलाशी किंवा पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर १.५ टक्के मुलांनी सांगितलं, संगणकावर ५.५ टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त. हिंसा आणि अमली पदार्थांबद्दलही संगणकावर जास्त कबुली मिळाली. हे निकाल १९९८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले आणि मग अशा संशोधनात संगणकाचा बोलबाला झाला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मिनेसोटातल्या शाळांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात उलट दिसलं. शाळेतल्या संगणकांवर सर्व्हे भरणाऱ्यांपेक्षा कागदावर भरणाऱ्या मुलांनी काही प्रश्नांवर जास्त मोकळेपणाने उत्तरं दिली होती.

दोन्ही खरं कसं? एक सरळ कारण सुचतं. पहिल्या सर्वेक्षणात मूल घरी, एकटं, हेडफोन लावून होतं. दुसऱ्यात ते शाळेत होतं. शाळेच्या संगणक कक्षात स्क्रीन उभी असते, अक्षरं मोठी असतात आणि शेजारी बसलेल्याला मान वळवायचीही गरज पडत नाही. कागद निदान हाताने झाकता येतो. परीक्षेत आपण सगळ्यांनी झाकलाय.

पुढे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने आपल्या शालेय सर्वेक्षणासाठी ही तुलना मुद्दाम करून पाहिली. काही वर्गांना कागद, काही वर्गांना शाळेतच संगणकावर वेब फॉर्म, आणि काहींना सांगितलं की तुमच्या वेळेत, कुठूनही भरा. वर्गात भरून घेतलं तेव्हा बहुतेक सवयींच्या टक्केवारीत कागद आणि वेबमध्ये मोठा फरक पडला नाही. पण 'कुठूनही भरा' म्हटलेल्यांपैकी बहुतेकांनी सर्व्हे भरलाच नाही. आपलं उत्तर खासगी राहील असं मात्र वर्गातल्या संगणकांपेक्षा कागदावर जास्त वाटल्याचं मुलांनी सांगितलं.

अशा अनेक अभ्यासांची बेरीज करणारं एक विश्लेषण २०१५ मध्ये आलं. लाज वाटेल किंवा भीती वाटेल अशा गोष्टी संगणकावर थोड्या जास्त सांगितल्या जातात, हा त्याचा निष्कर्ष. हा फरक अति नाजूक विषयांत आणि माणूस एकटा असताना जास्त दिसतो. यातला 'एकटा' हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

मग पेण-रोह्यात मूल एकटं कधी असतं?

अमेरिकेतले आकडे उचलून थेट रायगडला लावता येत नाहीत, ते इथे. तिकडच्या चर्चेत फोन किंवा संगणक वापरणारी व्यक्ती एकच असते, असं बऱ्याचदा गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे फोन घराचा असतो.

'असर' या अहवालाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांबद्दल देशभरातल्या २८ जिल्ह्यांत माहिती गोळा केली. घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास होतं. हा आकडा वाचून ऑनलाइन सर्व्हे सोपा वाटतो. पण पुढचा आकडा बघा. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे फोन वापरता येणाऱ्या दर पाच मुलींपैकी सुमारे चार मुली दुसऱ्याच्या फोनवर उत्तर देणार. तो फोन परत करताना ब्राउझर हिस्ट्री पुसायची असते हे त्यांना माहीत असेलच असं नाही, आणि पुसली तर 'काय पुसलंस?' हा प्रश्न ठरलेला.

पेण आणि रोहा हे शेजारचे तालुके, दिवा-पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचे. पण आत शिरलं की तीन-चार वेगळी जगं दिसतात. गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखलं जाणारं पेण शहर. रोह्याजवळची धाटावची आणि नागोठण्याची औद्योगिक वस्ती. भातशेतीची गावं. आणि डोंगराच्या कुशीतल्या ठाकूर आणि कातकरी वाड्या. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय पेणलाच आहे, आणि आश्रमशाळांमध्ये शिकणारी मुलं हा इथला मोठा गट आहे. शहरातल्या दहावीच्या मुलाला लिंक पाठवणं आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलीला लिंक पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यातही कातकरी समाजाचा विचार वेगळा करावा लागतो. महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित तीन आदिवासी गटांपैकी हा एक, कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. अनेक कातकरी कुटुंबं भाताची कामं आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या आधी परततात. मुलंही सोबत जातात. जानेवारीत शाळेत कागद वाटला तर ही मुलं त्या दिवशी वर्गातच नसतात. लिंक पाठवली तर तिच्यासाठी फोन आणि रिचार्ज दोन्ही लागतं. म्हणजे कागद आणि फोन यांच्यात कितीही भांडण लावलं तरी ज्यांची तब्येत सगळ्यात जास्त धोक्यात, ती मुलं दोन्हीकडून सुटतात.

गुगल फॉर्म बनवताना होणाऱ्या चुका

कोविडच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा गुगल फॉर्मशिवाय पर्याय नव्हता. ती सवय मग राहिली. फॉर्म फुकट आहे, डेटा थेट तक्त्यात येतो, छपाई नाही, शेकडो कागद बघून आकडे टाइप करत बसणं नाही. त्या टाइपिंगमध्ये चुका होतात, म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक एकच डेटा दोनदा भरून जुळवतात. हा सगळा व्याप वाचतो, हे मान्यच करायला हवं.

पण एकाने एकदाच भरावं म्हणून 'एकच प्रतिसाद' ही सेटिंग चालू केली की गुगल लॉगिन मागतो. 'नाव लिहायचं नाही' असं वर लिहिलेलं आणि खाली वडिलांच्या ईमेलने साइन इन करा! मूल काय समजायचं ते समजतं. ती सेटिंग बंद ठेवली तर एकच मुलगा मजा म्हणून पाच वेळा भरू शकतो, आणि लिंक फॉरवर्ड होत होत बारावीच्या ताईकडे किंवा दुसऱ्याच जिल्ह्यात पोहोचू शकते.

लाल चांदणीचं प्रकरण तर आणखी वाईट. प्रत्येक प्रश्न सक्तीचा केला की एकही उत्तर रिकामं राहत नाही, तक्ता सुंदर दिसतो. पण कागदावर ज्या मुलीने तो प्रश्न सोडून दिला असता, ती आता पुढे जाण्यासाठी काहीतरी दाबते. रिकामी जागा प्रामाणिक होती. हे उत्तर नाही. 'सांगायचं नाही' असा एक पर्याय दिला तरी बराच फरक पडतो.

कागदाचीही आपली फजिती आहे. 'हो असेल तर प्रश्न १४ ते २२ सोडवा, नाही असेल तर २३ वर जा' ही सूचना वर्गात धोक्याची ठरते. कारण 'हो' म्हणणारा पानं उलटत बसतो आणि 'नाही' म्हणणारा पाच मिनिटांत पेन खाली ठेवतो. सगळ्या वर्गाला कळतं कोण 'हो'वाला आहे. सीडीसीच्या छापील सर्वेक्षणात असे उड्या मारायचे प्रश्न मुद्दाम ठेवलेलेच नव्हते, सगळ्यांना सारखाच वेळ लागावा म्हणून. फोनवर मात्र हे सोपं असतं, नको ते प्रश्न आपोआप गाळले जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

भाषेचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच. 'आपण धूम्ररहित तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?' असं विचारलं तर मावा खाणारा मुलगा खऱ्या मनाने 'नाही' म्हणेल, कारण तो मावा खातो, पदार्थांचं सेवन करत नाही. मशेरी तर कित्येक घरांत दात घासायची गोष्ट समजली जाते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे 'गुटखा खातोस का?' हा प्रश्न मुलाला चौकशीसारखा वाटू शकतो. 'मासिक पाळीदरम्यान' असं छापलेल्या वाक्यापेक्षा 'पाळी आल्यावर' हे आवाजात ऐकू आलं तर समजतं. कातकरी मुलांच्या घरची बोली तर शाळेच्या मराठीहून वेगळी आहे, आणि इथे हेडफोनवाली पद्धत खरंच उपयोगी पडू शकते. प्रश्न त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करायचा, उत्तराला चित्रं द्यायची.

'हो' म्हटल्यावर काय?

हा भाग बऱ्याच चर्चांमध्ये राहून जातो. एखाद्या मुलाने 'स्वतःला संपवावंसं वाटलं' यावर खूण केली, तर पुढे काय होणार?

निनावी कागद असेल तर तो गठ्ठ्यात जातो आणि काही आठवड्यांनी कोणीतरी त्याचा आकडा टाइप करतं. कोणाचा होता हे शोधायचा मार्ग नसतो. फोनवर त्याच क्षणी स्क्रीनवर मदतीचा क्रमांक दाखवता येतो. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ किंवा चाइल्डलाइनचा १०९८. पण फोन बाबांचा असेल आणि क्रमांक फक्त 'हो' म्हटल्यावरच दिसत असेल, तर तीच स्क्रीन तिला अडचणीत आणू शकते. म्हणून हे क्रमांक उत्तर काहीही असलं तरी सर्वांनाच दाखवायचे. कागदासोबतही प्रत्येकाला एकसारखी चिठ्ठी द्यायची.

कायद्याची बाजूही आहे. पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे 'तुझं उत्तर कोणालाही कळणार नाही' हे वचन, मूल ओळखता येईल अशा सर्व्हेत कोणीच पूर्णपणे देऊ शकत नाही. ते आधीच सांगावं लागतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि मुलाची स्वतःचीही. ऑनलाइन फॉर्मवर 'मी पालक असून संमती देतो' या चौकटीवर टिक कोण करतं, हे घरोघरी सगळ्यांना माहीत आहे.

आकडा वाढला म्हणजे मुलं बिघडली का?

सोशल मीडियावर एखादी ओळ फिरते: 'अमुक टक्के मुलं तणावात, दोन वर्षांत दुप्पट वाढ.' त्यावर मोबाइलला शिव्या सुरू होतात. पण आधीचा सर्व्हे कागदावर आणि नंतरचा टॅबवर असेल, तर वाढ मुलांमध्ये झाली की पद्धतीत, हे त्या ओळीवरून कळत नाही. अमेरिकेचं ते शालेय सर्वेक्षण २०२३ मध्ये कागदावरून टॅबवर गेलं, तेव्हा त्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. आपल्याकडे शाळांमधल्या तंबाखूविषयीच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचं आढळलं. तो आकडा वर्गात भरलेल्या निनावी उत्तरपत्रिकांमधून आला होता. उद्या तोच प्रश्न घरच्या फोनवर विचारला, तर आधी आणि नंतर अशी थेट तुलना करता येणार नाही.

पेण-रोह्यासारख्या ठिकाणी दोन्ही माध्यमं मिसळून काम करता येतं. कोबो टूलबॉक्ससारखी अ‍ॅप्स नेटवर्क नसतानाही चालतात. टॅबवर उत्तरं साठतात आणि रेंज आली की वर जातात. सर्व्हे करणारी टीम टॅब आणि हेडफोन घेऊन आश्रमशाळेत गेली, मुलांना बाकांवर एकाआड एक बसवलं, शाळेतले शिक्षक वर्गाबाहेर थांबले, तर फोन कोणाचा हा प्रश्नच उरत नाही. टॅब कमी असतील तर कागद, पाकीट आणि वर्गाच्या कोपऱ्यात एक बंद पेटी, ज्यात मूल स्वतः पाकीट टाकेल. काही मुलांना एका पद्धतीने आणि काहींना दुसऱ्या पद्धतीने विचारलं, कोणाला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, तर इथल्या मुलांच्या बाबतीत नेमका किती फरक पडतो हेही त्याच फेरीत कळेल. आणि हे सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी उरकायला हवं. नंतर वाड्यांवरची मुलं भट्टीवर गेलेली असतात.